ओल, बुरशी आणि न्यायासन

'हे घर आम्हांला लाभले नाही,' असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नव्या घरात राहायला आल्यापासून म्हातारीचा खोकला हटत नाही, धाकट्याला दर पंधरवड्याला धाप लागते, सुनेचे डोके जड राहते. मग कोणी म्हणतो, वास्तुशांत पुन्हा करा. कोणी म्हणतो, उंबऱ्याखाली काय पुरले आहे ते उकरून पाहा. आणि एखादा जाणता काही न बोलता भिंतीवरून बोट फिरवतो व ते नाकाशी नेतो. बोटाला काळपट बुरा लागलेला असतो, खोलीत कुबट वास भरलेला असतो. हा जाणता काही डॉक्टर नसतो, पण त्याचा तर्क बहुधा वाकडा जात नाही. प्रश्न असा की, हाच तर्क त्याने न्यायाधीशापुढे मांडला तर त्याचे काय होईल? भिंतीवरच्या बुरशीने माणूस आजारी पाडला, हे कोर्टात सिद्ध करता येते काय?

घर आणि रोग यांच्या या वादाचा आपल्या मुलखातला आरंभ मोठा विलक्षण आहे. येथे घराला शिक्षा आधी झाली आणि पुरावा मागाहून आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. रोग कशाने पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु मांडवीची घरे अंधारी, कोंदट आणि ओलसर होती, आणि रोगही तेथेच होता. सरकारी बुद्धीला एवढे पुरले. घरे धुऊन काढली, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना मोकळे रान दिले, आणि त्याच कायद्यात असेही घातले की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही. म्हणजे कौले गेली ती गेली. घरमालकाला विचारण्याची सोय नाही. पुण्यात रँडच्या कमिटीने घरोघर काय केले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. राहण्यास अयोग्य अशा घरांवर इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का उमटू लागला, आणि वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या.

खरा आरोपी दुसराच होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये उंदराच्या अंगावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. त्याचे कोणी ऐकले नाही. प्लेग कमिशनच्या विद्वानांनाही ते पटले नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत जे प्रयोग झाले ते मात्र एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा असे आहेत. प्रयोगासाठी लहान खोल्या बांधल्या. त्यांत प्लेगची पिसवे सोडली. गिनीपिगांचा एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला, दुसरा दोन फुटांवर टांगला. खोली तीच, हवा तीच, ओल आणि अंधारही तोच. पिसू काही इंचच उडी मारते. खालच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले, वरच्यातले जगले. कोंदट हवेवरचा आठनऊ वर्षांचा आरोप त्या दोन फुटांच्या अंतरात निकालात निघाला. ज्यांची घरे पाडली गेली त्यांना मात्र या निकालाचा काही उपयोग नव्हता.

ही हकीकत मी मुद्दाम लांबवली, कारण 'सिद्ध करणे' म्हणजे काय याचा याहून स्वच्छ नमुना मला दुसरीकडे सापडला नाही. आता बुरशीकडे वळल्यावर हा स्वच्छपणा हातचा जातो. प्लेगचा जंतू एक आणि त्याचे वाहनही ठरलेले. बुरशीच्या जाती हजारो. तिचे बीजाणू, म्हणजे तिची डोळ्यांना न दिसणारी बीजे, हवेत सदैव तरंगत असतात. घरात असतात, अंगणात असतात, कोर्टाच्या दालनातही असतात. शिवाय एकाच खोलीत झोपणाऱ्या चौघांपैकी एकाला धाप लागते आणि तिघे घोरत पडतात, कारण हा विकार बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या शरीराच्या ॲलर्जीचा असतो. वकील नेमके हेच विचारतो: बुरशीनेच व्हायचे होते तर बाकीचे तिघे कसे वाचले? आणि न्यायाधीश दोन निरनिराळे प्रश्न करतो. असल्या बुरशीने असला रोग मुळात होतो काय? होत असेल तर या घरातल्या या बुरशीनेच या माणसाला तो झाला, हे कशावरून? पहिल्या प्रश्नाला वैद्यकाकडे थोडेफार उत्तर असते. दुसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक दावे कोसळतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे मिळाले ती जागा घर नव्हे. ती जागा म्हणजे आमच्या ओळखीची चिपाडाची गंज.

आम्ही कोल्हारकर प्रवरेच्या काठचे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि १९५०-५१ च्या हंगामात शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. तेव्हापासून या टापूतल्या माणसाला उसाचा वास घरच्या स्वयंपाकाइतका परिचयाचा. रस काढल्यावर जे उरते त्याला गुऱ्हाळावर चिपाड म्हणतात आणि कारखान्यात बगॅस. शंभर टन उसामागे ते सुमारे तीस टन निघते आणि त्यात निम्मे पाणी असते. ताजे असताना ते निरुपद्रवी; अंगाला चिकटेल, फार तर खाजेल. पण त्याच्या गंजी रचून ठेवल्या म्हणजे उरल्यासुरल्या साखरेवर सूक्ष्म जीव पोसतात, गंज आतून तापते, आणि त्या उबेत एक पांढरी भुरी माजते. महिन्यांनी ती वाळलेली गंज फोडली की धुरळा उठतो. फोडणारा दिवसभर काही तक्रार करत नाही. चारसहा तासांनी, बहुधा घरी गेल्यावर, त्याला थंडी वाजून ताप भरतो, कोरडा खोकला लागतो, जिना चढवत नाही. दोन दिवस घरी राहिला की बरे वाटते. पुन्हा कामावर गेला की पुन्हा तेच.

अमेरिकेत लुइझियाना हा असाच उसाचा मुलूख. तेथल्या डॉक्टरांनी १९४१ मध्ये या रोगाची नोंद केली. पुढल्याच वर्षी इंग्लंडातही रोगी आढळले, जेथे ऊस मुळी होतच नाही. लढाईच्या दिवसांत तक्ते बनवण्यासाठी लुइझियानाहून बगॅसचे गठ्ठे येत आणि ते फोडणारे कामगार आजारी पडत. ऊस नाही, उसाची हवा नाही, फक्त गठ्ठा समुद्र ओलांडून आला आणि त्याच्याबरोबर रोग आला. परळच्या टांगलेल्या पिंजऱ्याची आठवण यावी असा हा योगायोग आहे. रोगाचे नाव पडले बगॅसोसिस. त्याचा थोरला भाऊ आधीच ठाऊक झालेला होता: बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या इंग्रज शेतकऱ्यांच्या फुप्फुसांचा विकार कँबेल याने १९३२ मध्ये वर्णिला होता. मात्र कारण कळायला १९६३ उजाडले. जॅक पेपिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तापलेल्या गवतात वाढणाऱ्या विशिष्ट सूक्ष्म जीवांविरुद्ध या रोग्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. बगॅसमधला जीव लेसी या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये वेगळा ओळखून त्याला नाव दिले. काटेकोर बोलायचे तर ही बुरशी नव्हे. बुरशीचे सोंग घेतलेला तो एक जीवाणू आहे. पण फुप्फुसाला हा भेद कळत नाही.

आता कायद्याचे पाहू. १९२३ या एकाच वर्षी एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या, आणि आपल्या विषयाचे सारे भांडण त्या दोहोंच्या मध्ये मावते.

पहिली घटना हिंदुस्थानातली. मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला. त्यात शेवटी धंदेवाईक रोगांची एक यादी जोडली होती. आरंभी ती अगदी आखूड होती: अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा. त्या यादीतली युक्ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. यादीतले काम यादीतल्या मुदतीइतके केलेल्या माणसाला यादीतला रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरणार; तसे नसेल तर उलट सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने स्वतःच देऊन टाकले! १९८४ च्या दुरुस्तीने ही यादी नव्याने लिहिली गेली, आणि तिच्या तिसऱ्या भागात बगॅसोसिस आले. त्यापाठोपाठ कापसाच्या धुळीचा रोग आला, आणि सेंद्रिय धूळ श्वासात गेल्याने फुप्फुसाला होणारा ॲलर्जीचा दाहही आला. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. यादीची रीत तीच राहिली. म्हणजे चिपाडाच्या गंजीशी काम करणाऱ्याला बुरशीशास्त्रावर व्याख्यान देण्याची गरज नाही. त्याला रोग आहे, आणि त्याने ते काम केले आहे, एवढे दाखवले की पुरे.

एवढे दाखवणेही सोपे नसते, हे मी जाणतो. हंगामी माणसाची हजेरी कोणाच्या वहीत? आणि खोकला, ताप, रोडावलेले अंग दिसले की आपल्याकडे क्षयाची गोळी सुरू होते. फुप्फुसाचा हा ॲलर्जीचा दाह पुष्कळदा क्षय समजून औषधोपचारात वर्ष काढतो. कामावर गेल्यावर वाढते की सुट्टीत कमी होते, हा साधा प्रश्न केसपेपरवर उतरत नाही. यादीचे दार उघडे असूनही तेथवर पोचायचे तर हाती कागद लागतो.

दुसरी घटना वॉशिंग्टनची. डिसेंबर १९२३ मध्ये तेथल्या अपील कोर्टापुढे फ्राय नावाच्या खुनाच्या आरोपीचा खटला आला. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याची नवी परीक्षा आपण उत्तीर्ण झालो, म्हणून त्या तज्ज्ञाची साक्ष घ्या, असे त्याचे म्हणणे. कोर्टाने ती घेतली नाही. तज्ज्ञाची साक्ष ज्या तत्त्वावर उभी आहे त्याला त्या शास्त्रातल्या मंडळींची सर्वसाधारण मान्यता हवी, असा दंडक त्या दोन पानी निकालाने पाडला. १९९३ मध्ये डॉबर्ट खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशाला शास्त्राच्या दाराशी आणखी जागरूक द्वारपाल म्हणून बसवले. खोटे ओळखणाऱ्या यंत्रापासून निघालेली ही वाट ऐंशी वर्षांनी भिंतीवरच्या बुरशीपाशी आली.

टेक्सासमधले बॅलार्ड प्रकरण त्यातले सर्वांत गाजलेले. बावीस खोल्यांचा वाडा, नळ गळून जमिनी भिजल्या, काळी बुरशी माजली, विमा कंपनीने दिरंगाई केली. पतीची स्मृती आणि मुलाची प्रकृती बिघडली, असा कुटुंबाचा दावा. जून २००१ मध्ये ज्युरीने ३ कोटी २० लाख डॉलर देववले, आणि 'बुरशीने करोडपती केले' असा जगभर बोभाटा झाला. बोभाट्यात एक गोष्ट हरवली. बुरशीने आजार झाला, ही डॉक्टरांची साक्ष न्यायाधीशाने ज्युरीपुढे येऊच दिली नव्हती. ते सारे पैसे घरासाठी, मनस्तापासाठी, कंपनीला दंड म्हणून आणि वकिलांच्या फीपोटी होते; आजारापायी एक डॉलरही नव्हता. पुढल्या वर्षी अपिलात ती रक्कम सुमारे ४० लाखांवर आली. आपल्याकडे ग्राहक मंचात गळक्या फ्लॅटचे दावे होतात त्यांचीही तऱ्हा हीच आहे. बिल्डरकडून दुरुस्तीचा खर्च मिळतो, मनस्तापाचे काही हजार मिळतात. खोकल्याचे नाव निकालपत्रात आलेच तर मनस्तापाच्या पोटात येते.

न्यूयॉर्कमध्ये प्रश्न आडवळणाने न जाता समोरासमोर आला. फ्रेझर खटल्यात २००६ मध्ये न्यायाधीश शर्ली कॉर्नराइच यांनी केवळ एवढ्याच मुद्द्यावर दहा दिवस साक्षी ऐकल्या, आणि घरातल्या ओलीने असे आजार होतात ही गोष्ट शास्त्रात सर्वमान्य झालेली नाही, म्हणून साक्ष नाकारली. २०१४ मध्ये कॉर्नेल खटल्यात त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने त्यावर मोहोर उठवली: दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणजे एकीने दुसरी घडते असे नव्हे, आणि किती बुरशी, किती दिवस, शरीरात किती गेली, याचे मोजमाप नसेल तर या बाईच्या आजाराचे कारण हीच खोली असे म्हणता येणार नाही.

न्यायाधीशांना दगडी काळजाचे म्हणण्याचा मोह होतो, पण शास्त्रानेही त्यांना फसवले होते. १९९३-९४ मध्ये क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९७ मध्ये त्याचा संबंध स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीशी जोडला आणि २००० मध्ये, हिशोबात आणि पद्धतीत चुका होत्या म्हणून, तो संबंध सिद्ध झालेला नाही असे स्वतःच जाहीर केले. तीन वर्षांत काळी बुरशी वर्तमानपत्रांची राक्षसीण झाली होती, आणि पुढे खरे रोगीही त्या गलबल्यात झाकले गेले. २००४ मध्ये तेथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सारे संशोधन चाळून मोजून मापून लिहिले: ओलसर घर आणि खोकला, घरघर, दमेकऱ्याचा वाढता दमा यांचा संबंध पुरेसा दिसतो, पण बुरशीच याचे कारण, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याच रोखाने मार्गदर्शन केले आणि आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. किती बुरशी चालेल याचा आकडा तिने दिलाच नाही. ओल आणि बुरशी दिसली की काढा, असे सांगितले.

मग हा खटला कोणीच जिंकला नाही काय? एकदा तो सिद्ध झाला, आणि सिद्ध करणारा दोन वर्षांचा होता. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अवाब इशाक हा मुलगा २१ डिसेंबर २०२० रोजी वारला. सुदानहून आलेले आईबाप, भाड्याचे एका खोलीचे घर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बुरशीने काळे. बाप २०१७ पासून तक्रार करत होता. त्यावर रंग मारा, असा सल्ला मिळाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनर जोअ‍ॅन किअर्सली यांनी निष्कर्ष दिला की, घरातल्या बुरशीच्या दीर्घ सहवासाने झालेल्या श्वसनविकाराने मूल गेले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कॉरोनरचे कोर्ट कोणाला दोषी ठरवत नाही, भरपाई देत नाही. तेथे वादी-प्रतिवादी नसल्याने मृत्यूच्या कारणाचा शोध एवढेच काम असते. आणि येथे शवचिकित्सा झाली होती, बुरशीच्या तज्ज्ञाने घर तपासले होते. जिवंत माणसाच्या फुप्फुसाबद्दल जे सांगता येत नव्हते ते मेलेल्या मुलाच्या फुप्फुसाने सांगितले. २०२३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने त्याच्या नावाचा कायदा केला. ऑक्टोबर २०२५ पासून तेथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओलीची गंभीर तक्रार दहा कामकाजी दिवसांत तपासावी लागते, आणि धोका तातडीचा असेल तर चोवीस तासांत हालचाल करावी लागते. भाडेकऱ्याने आपले फुप्फुस पुराव्यात हजर करण्याची अट त्यात नाही.

आपल्याकडे घरातली बुरशी कोठे असते, याचा एक ठोकताळा २०१७ मध्ये छापून आला. देशातल्या २७ रुग्णालयांनी फुप्फुसाच्या जाळीच्या विकारांचे १,०८४ रोगी नोंदवले. त्यांतले ४७ टक्क्यांहून अधिक त्याच ॲलर्जीच्या दाहाचे निघाले, म्हणजे बगॅसोसिसच्या कुळातले. आणि त्या दाहाच्या रोग्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरी कूलर होता. टाकीतले शिळे पाणी, वर्षानुवर्षे न बदललेली गवताची ताटी, आणि त्यातून रात्रभर तोंडावर येणारा वारा! गंज आणि ताटी यांत फरक तो काय? अर्थात कूलर असणे म्हणजे कूलरमुळे होणे नव्हे, हे कॉर्नेल खटल्याचे न्यायाधीश येथेही सांगतील. निदान कशा कसोट्यांनी केले यावरही डॉक्टरांत मतभेद आहेत. पण उन्हाळ्यात वाढते काय, कूलर बंद केल्यावर उतरते काय, हे विचारण्याइतपत ही आकडेवारी बोलकी आहे.

आता आमच्याच टापूतल्या एका घराची कल्पना करू. नवरा हंगामात बगॅसच्या गंजीवर जातो, बायको पाटाच्या खालच्या अंगाला, भाड्याच्या ओलसर खोलीत चूल सांभाळते. दोघांनाही धाप लागते. नवऱ्याच्या बाजूने यादी उभी आहे. बायकोला मात्र सारे पहिल्यापासून सिद्ध करायचे: रोग, बुरशी, त्या दोहोंतला दुवा, मालकाचा हलगर्जीपणा. तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे पंचेचाळिसावे कलम म्हणत होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष अधिनियमही म्हणतो. पण कोल्हारहून तो तज्ज्ञ आणायचा कोठून आणि कोणाच्या पैशाने? तिच्या हाताशी जो कायदा खरोखर आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचे चौदावे कलम. आणि तो आपल्या गावापुरता लागू आहे ना, ते आधी पाहायचे. त्या कलमाप्रमाणे जागा राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने हयगय केली तर निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, आणि तरीही तो हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यायचा; मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. महिन्याचे भाडे दोन हजार असेल तर ही मर्यादा सहा हजारांची होते. गळकी पन्हाळ त्यात बदलून होईल, भिंतीचा एखादा हात खरवडून चुन्याने पुन्हा निघेल. दवाखान्याचा खर्च त्या कलमात बसत नाही.